न बांधलेल्या पायऱ्या

रमाकांत सावर्डेकरांच्या जेवणाच्या टेबलावर गेले कित्येक महिने कुणी जेवलं नव्हतं. टेबलभर एक मोठा कागद पसरलेला असे आणि त्यावर धामणखोरे नावाची वसाहत हळूहळू उभी राहत होती. सावर्डेकर स्वतः ओट्यापाशी उभ्याउभ्याच चार घास खाऊन घेत आणि पुन्हा पेन्सिल हातात धरत.

धामणखोरे आता कुठल्याच नकाशावर सापडत नाही. सह्याद्रीत धरण आणि डोंगराच्या पोटात वीजघर बांधायचं ठरलं, तेव्हा तिथल्या माणसांसाठी सरकारने डोंगरउतारावर ही वसाहत उभारली होती. वर साहेबांचे ए टाइप बंगले, मध्ये कारकुनांचे बी टाइप आणि खाली ऑपरेटर, फिटर, ड्रायव्हर यांचे पत्र्याच्या छपराचे सी टाइप. शाळा, दवाखाना, रॉकेलचा वास मारणारं सहकारी भांडार, सगळं होतं. धरण पुरं झालं तशी माणसं पांगली. मग क्वार्टर्स पाडले, जागा वनखात्याकडे गेली आणि जिथे चार हजार माणसं राहत होती तिथे कारवीचं रान माजलं. तिथे वाढलेल्या मुलांना सुट्टीत परत जायला गाव उरलं नाही.

सावर्डेकरांचे वडील तिथे क्रेन चालवत. सावर्डेकर पुढे पाटबंधारे खात्यात सर्व्हेअर झाले, जन्मभर दुर्बीण लावून दुसऱ्यांच्या जमिनी मोजत फिरले आणि निवृत्तीनंतर साताऱ्यात स्थिरावले. पत्नी इंदू गेली आणि घरात बोलायला कुणी उरलं नाही. कधीकधी संध्याकाळी दूधवाल्याशी बोलताना त्यांच्या लक्षात यायचं, की आज दिवसभरातलं हे आपलं पहिलं वाक्य.

अशात आरोग्य केंद्रातल्या नर्सने त्यांना 'सोबत' या उपक्रमाबद्दल सांगितलं. एक मानसशास्त्र संशोधन संस्था एकट्या राहणाऱ्या वृद्धांचा अभ्यास करत होती. आठवड्यातून दोनदा एक सोबती घरी येऊन गप्पा मारणार, गप्पांचं ध्वनिमुद्रण होणार आणि मनगटावरची पट्टी रक्तदाब, झोप, नाडी टिपत राहणार. सावर्डेकरांनी संमतिपत्र सवयीने शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. 'काही माहिती अभ्यासाच्या अखेरीस देण्यात येईल,' असं त्यात होतं. तपासण्यांचे निकाल असतील, असं समजून त्यांनी सही केली.

सोबती म्हणून आल्या त्या ज्योत्स्नाबाई. सत्तरीच्या, पण ताठ. बोलणं अगदी स्वच्छ, एकेक अक्षर धुऊन ठेवल्यासारखं. कानात लहानसं श्रवणयंत्र.

"मूळचे कुठले आपण?" त्यांनी चहा घेता घेता विचारलं.

"मूळचं असं काही राहिलं नाही. धामणखोरे प्रकल्पावर वाढलो. तुम्ही नावही ऐकलं नसेल."

ज्योत्स्नाबाई किंचित थांबल्या. मग म्हणाल्या, "बी टाइप की सी टाइप?"

सावर्डेकरांनी हातातला कप खाली ठेवला.

"आम्ही बी टाइप, शेवटची ओळ," त्या म्हणाल्या. "वडील स्टोअर्सला होते. मी चौथीत असताना बदली झाली."

त्या दिवशी सावर्डेकर रात्रीचं जेवायचं विसरले. पुढच्या भेटीला त्यांनी कपाटावरची कागदाची गुंडाळी उतरवली आणि टेबलावर पहिली रेघ मारली.

मग दोघांचं चालू झालं. सकाळचा आठचा भोंगा. दुपारी चारला सुरुंगाचे बार उडायचे, तेव्हा गुरुजी शिकवायचे थांबत आणि अख्खा वर्ग कानात बोटं घालून एकमेकांकडे बघून हसत बसे. वसाहत सोडल्यावरही कित्येक वर्षं चार वाजले की सावर्डेकर बोलता बोलता थांबायचे. इंदू त्यांना त्यावरून चिडवायची. शनिवारी क्लबच्या मैदानात पडद्यावर सिनेमा लागे. सी टाइपच्या मुलांना पुढे जागा मिळत नसे, म्हणून ती पडद्याच्या मागे जाऊन बसत. तिथून सगळा सिनेमा उलटा दिसे.

"मला फार दिवस वाटायचं, सगळे हिरो डावखुरेच असतात," सावर्डेकर म्हणाले आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आणि पाट्या वाचता यायच्या नाहीत," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.

"हो! अगदी! पाट्या वाचता यायच्या नाहीत."

एक दिवस सी टाइपपासून शाळेपर्यंतचा भाग काढायला घेतला होता. सावर्डेकर पेन्सिल धरून थबकले. "इथून शाळेत कसे जायचो आपण?"

"पायऱ्या नव्हत्या का, दादा?" ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "दगडी. पावसाळ्यात शेवाळायच्या."

सावर्डेकरांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने त्यांचा हात आपोआप उजव्या गुडघ्यावर गेला. तिथे बोटभर लांबीची जुनी खूण होती. "इथेच पडलो होतो," ते हळूच म्हणाले. "तिसरीत होतो. दप्तर घरंगळत खाली गेलं होतं. आईने हळद भरली..." त्यांनी कागदावर पायऱ्या काढल्या, एकेक रेघ मन लावून.

वसाहतीतल्या जुन्या मुलांचा फोनवर एक गट होता. कुणी नागपूरला, कुणी मस्कतला, सगळे आजोबा-आजी झालेले. सावर्डेकरांनी नकाशाचा फोटो त्या गटात टाकला आणि दिवसभर फोन वाजत राहिला. नागपूरच्या अरविंद खोताने लिहिलं, 'रम्या, पायऱ्या! किती पडलोय तिथे!' पद्मा म्हणून एक होती, तिने लिहिलं, 'आम्ही पोरी तिथे सागरगोटे खेळायचो.' दिवाळीनंतर सगळ्यांनी कोल्हापूरला जमायचं आणि हा नकाशा मोठा छापून भिंतीवर लावायचा, असं ठरलं. सावर्डेकरांचा रक्तदाब खाली आला, झोप लागू लागली. पेन्शनीतल्या मित्रांनी विचारलं, काय घेतोयस काय तू?

पावसाळा सरत आला तेव्हा संस्थेतून निरोप आला. अभ्यास संपला होता आणि एक शेवटची बैठक व्हायची होती. तिला ते लोक 'उलगडा' म्हणत.

बैठकीची खोली लहानशी होती. टेबलापलीकडे प्रकल्पाच्या प्रमुख डॉ. स्वरूपा निंबाळकर बसल्या होत्या, वय चाळिशीच्या आतबाहेर. बाजूच्या खुर्चीवर ज्योत्स्नाबाई होत्या. त्यांनी मान वर केली नाही. आज त्यांच्या कानात श्रवणयंत्र नव्हतं.

"काका, आज तुम्हाला सगळं सांगणं माझं काम आहे," स्वरूपाने सुरुवात केली. "जुन्या आठवणींनी एकटेपणा हलका होतो, हे ठाऊकच होतं. पण गुण नेमका कशाचा? आठवणीचा, की ती दुसरं कुणी आपल्याबरोबर जगलंय या भावनेचा? ते वेगळं करायचं तर दोन गट हवेत. एका गटात सोबती नुसतं ऐकतो. दुसऱ्या गटात सोबतीही तिथलाच असतो. बाकी सगळं सारखं."

"मी दुसऱ्या गटात," सावर्डेकर म्हणाले. अजून त्यांना कळलं नव्हतं.

"हो. पण प्रत्येकासाठी खरोखर त्याच गावचा माणूस आम्ही कुठून आणणार? म्हणून यंत्राची मदत घेतली. माणसाला काही आठवणार असलं, की त्याआधी काही क्षण त्याचा आवाज बदलतो. बारीक कंप येतो, श्वास अडतो. आपल्या कानांना ते कळत नाही, यंत्राला कळतं. मग ते जुने अहवाल, फोटो, तशाच दुसऱ्या वसाहतींची वर्णनं धुंडाळतं आणि तिथे काय असू शकेल याचा अंदाज बांधून सोबत्याच्या कानात एक वाक्य सांगतं."



सावर्डेकरांनी ज्योत्स्नाबाईंकडे पाहिलं. "बी टाइप? शेवटची ओळ?"

"नाही," त्या म्हणाल्या.

"धामणखोरं कधी पाहिलं तरी होतं?"

"नाही. मी नाटकात कामं करायचे. मग मला हे..."

"मला आधी का नाही सांगितलंत?" सावर्डेकर स्वरूपाकडे वळले.

"सांगितलं असतं तर प्रयोगच झाला नसता. नीतिसमितीने याच अटीवर परवानगी दिली होती, की शेवटी सगळं सांगायचं आणि तुम्हाला नको असेल तर तुमची माहिती काढून टाकायची. तुम्ही आजही माघार घेऊ शकता, काका. एक सही केलीत की सगळं पुसून टाकू."

सावर्डेकर उठले. घरी येऊन ते टेबलासमोर उभे राहिले. कागदावरची एकेक रेघ परकी दिसत होती. शाळेजवळच्या त्या पायऱ्या! सी टाइपपासून शाळेपर्यंतचा उतार बारास एक, म्हणजे बारा फुटांत एक फूट, फार तर अकरास एक. इतक्या साध्या उतारावर कुठला शहाणा इंजिनिअर पायऱ्या बांधेल? तिथे रस्ता होता, साधा मुरमाचा रस्ता. हे त्यांना, जन्मभर उतार मोजलेल्या माणसाला, कळायला हवं होतं. पण डोळे मिटले की शेवाळलेल्या पायऱ्याच दिसत. दप्तर त्यांच्यावरूनच टप्पे घेत खाली जाई.

चार दिवसांनी त्यांनी स्वरूपाला फोन केला. "माघारीचं नंतर बघू. आधी मला सगळं ऐकायचंय. माझं कुठलं आणि तुमचं कुठलं, ते मला बघायचंय."

"तसा तुमचा हक्कच आहे," ती म्हणाली.

मग सावर्डेकर रोज सकाळी संस्थेत जाऊन बसू लागले. कानात गप्पा ऐकायच्या आणि पडद्यावर वाचायच्या. यंत्राने सुचवलेलं वाक्य हिरव्या अक्षरांत उमटे, माणसांनी बोललेलं पांढऱ्या. सुरुवातीला त्यांना वाटलं होतं, सगळंच हिरवं निघणार. तसं नव्हतं. दवाखान्यामागचा पांगारा त्यांना ज्योत्स्नाबाईंनी आठवून दिला होता अशी त्यांची खात्री होती. तो निघाला त्यांचा स्वतःचा. दुसऱ्याच भेटीत ते सहज बोलून गेले होते आणि विसरले होते. सुरुंगाचे बार त्यांचे, उलटा सिनेमा त्यांचा. वाचता न येणाऱ्या पाट्या हिरव्या. पायऱ्या हिरव्या.

पायऱ्यांच्या आधी गुडघा मात्र कुठेच नव्हता. पहिल्या मुलाखतीत त्या खुणेबद्दल विचारलं होतं, तेव्हा त्यांनी 'लहानपणीची जखम' एवढंच म्हटलं होतं. त्यापुढे रिकामी जागा होती आणि त्या जागेत पायऱ्या येऊन बसल्या होत्या.

ऐकता ऐकता आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. काही हिरवी वाक्यं नुसतीच पडद्यावर उमटत आणि विरून जात. ती कुणी बोललेलंच नव्हतं. एका दुपारी सावर्डेकर इंदूबद्दल सांगत होते, तिच्या शेवटच्या आजाराबद्दल, आणि मध्येच गप्प झाले होते. पडद्यावर हिरवी अक्षरं आली: 'सांगा, इंदूताई मला एकदा बाजारात भेटल्या होत्या, तुमच्याबद्दल भरभरून बोलत होत्या.' कानात शांतता होती. तेच वाक्य पुन्हा उमटलं, मग तिसऱ्यांदा. शेवटी ज्योत्स्नाबाईंचा आवाज आला, पांढरा: 'साखर कुठे ठेवता तुम्ही? मी चहा टाकते.'

सावर्डेकरांनी ते तेवढंच पुन्हा ऐकलं. इंदूच्या आजूबाजूची सगळी हिरवी वाक्यं त्यांनी शोधून काढली. ज्योत्स्नाबाईंनी त्यातलं एकही उच्चारलं नव्हतं.

"या बाईंना त्याबद्दल कुणी काही म्हणालं?" त्यांनी स्वरूपाला विचारलं.

"समज दिली होती. सूचना पाळल्या नाहीत की मोजमाप बिघडतं. समज मीच दिली होती."

माघारीचा कागद टेबलावर होता. सावर्डेकरांनी तो वाचला आणि विचारलं, "मी सही केली की काय काय जातं?"

"सगळं. ध्वनिमुद्रण, पट्टीच्या नोंदी, आज आपण बोललो तेही. तुम्ही अभ्यासात नव्हताच असं होईल."

"आणि ज्यांना काही वाटलं नाही, ते राहतील."

"हो."

"म्हणजे बघा, डॉक्टरबाई. ज्याला लागलं तो रागावून उठून जाणार. तुमच्या तक्त्यात फक्त खूश झालेली माणसं उरणार. मग तुम्ही लिहिणार, यंत्राने गुण आला, कुणाला काही इजा नाही."

स्वरूपाच्या चेहऱ्यावरून कळत होतं, की हा विचार तिच्या मनात यापूर्वी येऊन गेलेला आहे आणि तिने तो बाजूला सारलेला आहे.

"माझा रक्तदाब उतरला, ते खरंय. तेही लिहा," सावर्डेकर म्हणाले. त्यांनी पायजमा वर ओढून गुडघा उघडा केला. "ही खूण बघा. मी कुठेतरी पडलो होतो. माझी आई धावत आली होती. ती जागा, ती दुपार माझ्याकडे होती. धूसर असेल, पण होती. आता मी आठवायला गेलो की तुमच्या पायऱ्या येतात. आई त्या पायऱ्यांवरूनच धावत येते. खरी जागा कुठली, ते आता जगात कुणालाच माहीत नाही. मलाही नाही."

"आठवण बाहेर काढली की ती मऊ पडते," स्वरूपा हलक्या आवाजात म्हणाली. "त्या वेळी तिच्यात जे मिसळेल, त्याच्यासकट ती पुन्हा घट्ट होते. आम्हाला वाटलं होतं, इतका परिणाम होणार नाही. उलगडा केला की निघून जाईल."

"नाही गेला. मी माघार घेत नाही. पण हा गुडघा लिहा."

अहवालात तो लिहिला गेला. स्वरूपाने इतर सहभागी लोकांनाही पुन्हा बोलावलं आणि त्यांच्या आठवणींत काय काय शिरलंय ते विचारलं. कुणाच्या विहिरीला रहाट आला होता, कुणाला नसलेली मावशी मिळाली होती. नीतिसमितीने पुढचा टप्पा थांबवला. हे सांगायला स्वरूपाने स्वतः फोन केला. तिचं बरंच काम वाया गेलं होतं, पण आवाजात कडवटपणा नव्हता. "तुम्ही राहिलात म्हणून कळलं, काका," ती म्हणाली.

राहिला होता वसाहतीचा गट. सावर्डेकरांनी सगळी हकिकत लिहून टाकली आणि शेवटी लिहिलं, 'तरी पायऱ्या खोट्या आहेत. नकाशातून काढून टाकत आहे.'

उत्तरं लगेच आली.

'काहीतरी काय, रम्या? पायऱ्या होत्याच. माझा दात पडलाय तिथे,' अरविंद खोताने लिहिलं.

'यंत्राचा अंदाज बरोबर आला असेल,' मस्कतहून कुणीतरी म्हटलं.

पद्माने सरळ फोनच लावला. "रमाकांत, वय झालं तुझं. आम्ही पोरी बसायचो रे तिथे. मला दगडाचा गारवासुद्धा आठवतोय."

"अगं, तुला तो मी आठवून दिलाय. नकाशातून."

"हॅट्!" पद्मा म्हणाली.

सावर्डेकरांनी फोन ठेवला आणि त्या सगळ्या प्रकरणात पहिल्यांदाच ते खो खो हसले. मग रबर घेऊन टेबलापाशी आले. पण पायऱ्या पुसताना हात अडला. शेवटी त्यांनी त्या पूर्ण पुसल्या नाहीत. तुटक रेघेने काढल्या, खात्री नसलेली हद्द सर्व्हेअर काढतात तशा, आणि बाजूला बारीक अक्षरात टीप लिहिली. दिवाळीनंतर कोल्हापूरला तो नकाशा लागला, तेव्हा निम्म्या लोकांनी टीप वाचली नाही आणि उरलेल्यांनी मानली नाही.

कोल्हापूरहून परतल्यावर दोन-तीन दिवस घर फारच शांत वाटलं. मग सावर्डेकरांनी ज्योत्स्नाबाईंना फोन लावला.

"संस्थेने बोलवायला सांगितलंय का?" पलीकडून विचारलं गेलं.

"संस्थेचं काही नाही. चहाला या."

त्या आल्या. बिनचालकाची रिक्षा दारात येऊन उभी राहिली, तरी त्या जरा वेळ आतच बसून होत्या. घरात आल्यावर पदर आवरत म्हणाल्या, "तुम्हाला काय म्हणू, तेच कळेना मला. दादा म्हणायला आता तोंड नाही."

"वय तरी खरं सांगितलं होतंत ना?"

"एक वर्ष कमी सांगितलं होतं."

"मग तरी मी थोरलाच. दादाच म्हणा."

ज्योत्स्नाबाईंना हसू आलं आणि त्यांनी ते दाबलं नाही. चहा झाला. नेहमीसारख्या त्या आता काहीतरी विचारतील असं वाटलं, पण त्यांचे ओठ नुसतेच हलले. हात दोनदा रिकाम्या कानाकडे गेला.

"मला यंत्राशिवाय बोलता येत नाही असं झालंय, दादा. काय बोलू?"

"तुमचं गाव कुठलं? खरं."

"गंगाखेड. परभणीकडं."

"सांगा."

"त्यात सांगण्यासारखं काही नाही."

सावर्डेकर थांबून राहिले.

"बाबांचं बस स्टँडवर सोड्याचं दुकान होतं," बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या. "गोटी सोडा. उन्हाळ्यात लई चालायचं. बाटल्या मी धुवायची. ढकलगाडीवर बर्फ यायचा, भुश्यात गुंडाळलेला. तो फुटला की चुरा आम्ही पोरं पळवायचो." बोलता बोलता त्यांची ती धुतलेली अक्षरं कुठेतरी निसटून गेली आणि आवाज एकदम वेगळ्याच बाईचा झाला. "एकदा बाटली माझ्या हातात फुटली. माय ओरडत आली, काय करायलीस गं, म्हणून. मला वाटलं, आता मारती. तर तिनं आधी माझा हात बघितला, मग बाबाला शिव्या दिल्या, अन् मग मांडीवर घेऊन अख्खा सोडा मलाच पाजला. पुरा. त्याआधी कधी पुरा मिळाला नव्हता."

त्या थांबल्या. "तुम्ही काहीतरी म्हणा ना. मी एकटीच बोलायले."

"मी काय म्हणणार? मी कधी गंगाखेडला गेलेलो नाही." सावर्डेकरांनी खुर्ची जराशी पुढे ओढली. "एक विचारू? बाटलीतली ती गोटी कशी असायची, निळी की हिरवी?"

ज्योत्स्नाबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. खिडकीबाहेर बघत बराच वेळ त्या शोधत राहिल्या. सावर्डेकरांना एक रंग सुचला होता. त्यांनी तो तोंडातच ठेवला.

"नाही आठवत, दादा."

"मग राहू द्या," सावर्डेकर म्हणाले. "पुढचं सांगा."

आणि ज्योत्स्नाबाई पुढचं सांगू लागल्या.